पिशवी कुजेल तर शपथ

आमच्या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू कुजलीच पाहिजे, असा नियम आहे. कुजत नाहीत ते फक्त किस्से. ते आपले साठत जातात. एखाद्या हळदीकुंकवाला कुणी सहज विचारतं, "काय गं, कंपनी कशी चाललीय?" मी एक किस्सा सांगायला घेते, त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, कॉफी गार होते आणि घरून नवऱ्याचे फोन सुरू होतात.

कारखाना म्हणजे फार काही मोठं डोळ्यांसमोर आणू नका. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या अलीकडे, एमआयडीसीत पुढे-मागे असे दोन गाळे. मागच्या गाळ्यात स्टीलची मोठी टाकी. साखर काढून झाल्यावर उसाचा जो काळा पाक उरतो, ती मळी त्या टाकीत घालायची आणि जिवाणू सोडायचे. ते मळी खातात आणि लॅक्टिक ॲसिड देतात. दही ज्याच्यामुळे आंबट होतं, तेच हे. हे ॲसिड टँकरने दुसऱ्या कंपनीत जातं, तिथे त्याचे प्लास्टिकसारखे दाणे होतात, ते दाणे आमच्याकडे परत येतात आणि पुढच्या गाळ्यात त्यांच्या पिशव्या होतात. उसाची पिशवी. खतात टाकली की खत होते. निदान व्हायला हवी.

मी तिथली लॅब बघते. मायक्रोबायोलॉजीची डिग्री आहे माझ्याकडे, पण सासूबाई विचारणाऱ्याला सरळ सांगतात, "सून दही लावायला जाते."

मालक दामले सर. आयुष्यभर एका बड्या कंपनीत न कुजणारं प्लास्टिक बनवलं आणि निवृत्त झाल्यावर, "आता पाप फेडतो," म्हणून हा उद्योग काढला. टाकीवर भोईर काका, मोहन्याहून येतात. विक्रीला प्रणाली, ठाण्याची, वय पंचविशीच्या आत आणि उत्साह पोटात मावत नाही असा.

पाप फिटत होतं, पण पिशवी खपत नव्हती. एका दुपारी चहा पिता पिता सरांनी सांगून टाकलं की ठाण्यातल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सची ओल्या कचऱ्याच्या पिशव्यांची ऑर्डर मिळाली तर आपण चालू, नाहीतर दिवाळीनंतर टाकी विकायची. गिऱ्हाईकही तयार होतं. अंबरनाथचे गुप्ते, व्हिनेगरवाले. टाकी गेली की आम्हीही गेलो. त्या दिवशी बिस्किटं कुणी खाल्ली नाहीत.

तर हे सगळं असं टांगणीला लागलं, त्याच्या आगेमागेचे हे किस्से.

* * *

मोठ्या टाकीत जिवाणू एकदम सोडत नाहीत. आधी छोट्या टाकीत थोडे वाढवायचे, मग ते पाइपाने मोठ्या टाकीत ढकलायचे. आम्ही त्याला सीड म्हणतो. भोईर काका विरजण म्हणतात, आणि ते काही चूक नाही.

एकदा वीज गेल्यामुळे सगळं लांबलं आणि सीड तयार व्हायला संध्याकाळ झाली. मी म्हटलं, "काका, व्हॉल्व्ह उघडा." काका हात मागे बांधून उभे.

"मॅडम, दिवं लागलं. आता विरजान घराभायेर नाय द्याचा. लक्ष्मी जाते."

सरांनी समजूत काढली. "अहो काका, घराबाहेर कुठे देतोय? छोट्या टाकीतून मोठ्या टाकीत. एकच कंपनी."

"छोटी टाकी पुढच्या गाळ्यान, मोठी मागच्या गाळ्यान. लायटीचा मीटर येगला हाय ना? मीटर येगला तं घर येगला."

सरांनी मीटरकडे पाहिलं. मीटर वेगळे होतेच, वर पुढचा गाळा सरांच्या बायकोच्या नावावर होता.

जिवाणूंना तिन्हीसांजा कळत नाहीत. आणखी तासभर गेला असता तर सीड वाया. मी काकुळतीला आले. शेवटी काकांनीच तोड काढली, "आमच्याकं द्याचाच झाला तं मिरची टाकून देतात." आता निर्जंतुक टाकीत मिरची टाकायची म्हणजे माझ्या डिग्रीचं काय करायचं? बरीच ओढाताण होऊन ठरलं की मिरची आत नाही, बाहेर. दोन गाळ्यांमधल्या पाइपाला काकांनी दोऱ्याने एक हिरवी मिरची बांधली आणि मग व्हॉल्व्ह उघडला.

ती काढायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी दाणेवाल्या कंपनीचा ऑडिटर आला. त्याने पाइपाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

सरांना खोटं बोलता येत नाही. खरं सांगायचीही सोय नव्हती. ते म्हणाले, "बाहेरचं काही आत जाऊ नये म्हणून."

ऑडिटरने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. आठवड्याने त्याचा रिपोर्ट आला. "दूषितीकरण टाळण्यासाठी एका पाइपावर अतिरिक्त उपाययोजना आढळली. समाधानकारक. उरलेल्या पाइपांवरही बसवावी."

* * *

आमच्या भागातल्या लोकांची नाकं केमिकल कंपन्यांच्या वासांनी तयार झालेली आहेत. डोळे मिटून रिक्षात बसवलं तरी कुठली गल्ली आली ते सांगतील. त्यामुळे आम्ही पहिली बॅच लावली तेव्हा एक वेगळाच घोटाळा झाला. आमच्या टाकीतून वास येतो तो गुळाचा, थोडा ताकाचा. गुढीपाडव्याला स्वयंपाकघरात यावा तसा.

मागच्या चाळीतली माणसं घाबरून बाहेर आली. काहीतरी गळतंय, हे नक्की. डोळे चुरचुरत नव्हते, घसा धरत नव्हता, म्हणजे प्रकरण जास्तच गंभीर असणार. एका आजींनी तर नातवंडांना ओला रुमाल नाकावर बांधायला लावला.

तक्रार गेली, तपासायला एक साहेब आले. त्यांनी टाकीजवळ उभं राहून खोल श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. मग डोळे मिटून तिसरा घेतला.

"वास चांगला आहे," ते म्हणाले.

"हो," सर म्हणाले.

"पण तक्रार वासाची आहे. काहीतरी लिहायला पाहिजे." त्यांच्याकडच्या कागदावर वासासाठी तीनच पर्याय होते, सौम्य, उग्र आणि असह्य. चांगला हा पर्याय आजवर कुणाला लागलाच नव्हता. साहेबांनी बराच विचार केला आणि 'उग्र'वर खूण करून पुढे कंसात लिहिलं, 'गोड'.

जाताना म्हणाले, "जरा कमी करा."

* * *

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. गेल्या वर्षी नवे गुरुजी आले. पिशव्यांच्या मशीनला हळदकुंकू झालं, वजनकाट्याला झेंडूची माळ झाली, माझ्या मायक्रोस्कोपला अक्षता लागल्या, त्या लेन्समधून काढायला मला पुढे चार दिवस लागले. मग टाकी.

टाकीत बॅच चालू होती. सर भाविक आहेत पण नीटनेटके आहेत. म्हणाले, "गुरुजी, झाकण उघडता येणार नाही. आत जीव आहेत."

"जीव?" गुरुजी थबकले. "किती?"

"कोट्यवधी. मोजदाद नाही."

गुरुजींनी हातातल्या अक्षतांकडे पाहिलं. "मग प्राणप्रतिष्ठा करायला नको. प्राण आहेतच." त्यांना विषयात गोडी वाटायला लागली. म्हणाले, "हे जीव खातात काय?"

"मळी. आणि आपल्याला आम्ल देतात."

"वा. म्हणजे गोमातेसारखंच. आणि काम झाल्यावर? कुठे सोडता त्यांना?"

सर म्हणाले, "सोडत नाही. वाफ देऊन उकळतो. एकही वाचता कामा नये."

 गुरुजींनी अक्षता परत पुडीत बांधल्या, पळी-पंचपात्र पिशवीत घातलं आणि शांतपणे म्हणाले, "मग ही पूजा नव्हे. ह्यासाठी मला पितृपक्षात बोलवा."

* * *

पिशवी किती दिवसांत कुजते हे वेगवेगळ्या मातीत बघायचं होतं. सरांनी आम्हा प्रत्येकाला नंबर टाकलेले पिशवीचे तुकडे दिले आणि सांगितलं, घरी पुरा. रोज सकाळी कारखान्यात एकमेकांना आम्ही तेवढंच विचारायचो. "कुजली का?" "नाही हो." बोर्डाचा निकाल लागत नसावा, तसे चेहरे.

आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. माती असलेली जागा एकच, तुळशीची कुंडी. सासूबाईंना विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. तुकडा हरवू नये म्हणून त्याला लाल दोरा बांधला, नंबराची चिठ्ठी लावली आणि कुंडीत खोल पुरला.

पंधरवड्याने घरी येते तर बिल्डिंगचे लोक जिन्यात. सासूबाईंना तुळशीची माती सैल करताना लाल दोरा बांधलेली पुडी सापडली होती, तीत आकडा लिहिलेली चिठ्ठी. म्हणजे करणी. त्यांनी ती चिमट्याने उचलून गॅलरीत ठेवली होती आणि भोवती मिठाचं रिंगण घातलं होतं. कुणी केली असेल, यावर त्यांचं स्वतःचं मत तयार होतं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशी आणि त्यांची स्वतःची नणंद, अशी तीन नावं त्यांनी माझ्या नवऱ्याच्या कानात घातली होती. नवरा माझीच वाट बघत होता.

मी सगळं सांगितलं. उसाची पिशवी, कुजण्याची चाचणी, कंपनीचं काम. जिना रिकामा झाला. नवरा हसून हसून बेजार.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. मीठ गोळा करता करता म्हणाल्या, "पिशवी तू पुरलीस, ते ठीक आहे. पण मला ज्यांचा संशय आला, तो काही उगीच आला नाही."

तुकडा जसाच्या तसा होता, हेही सांगायला हवं. कुंडीच्या गार मातीत आमची पिशवी कुजत नाही. तिला खताच्या ढिगाची ऊब लागते.

* * *

ठाण्याला महिलांच्या वस्तूंचं एक प्रदर्शन होतं. प्रणालीने तिथे स्टॉल लावला. दुपारी तिचा फोन आला, "सर, एक सीन झालाय. मी बोलले की आपली पिशवी उसापासून बनते, दह्यातल्या जिवाणूंपासून बनते. तर एक काका विचारतायत, उपासाला चालते का?"

सरांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. दुसरा कुणी असता तर हसून हो म्हणाला असता. सर विचारात पडले. ऊस चालतो. दही चालतं. पण पिशवीत थोडा स्टार्च घालावा लागतो आणि तो आम्ही मक्याचा घालत होतो.

"नाही चालत," सर म्हणाले. "मका आहे."

प्रणालीने खरंच तसं सांगितलं. स्टॉलवरची निम्मी गर्दी पांगली. उरलेल्यांतल्या एक बाई जाता जाता म्हणाल्या, "मग साबुदाण्याचा घाला की. आम्ही सगळ्या घेऊ."

झालं. सरांच्या डोक्यात ते बसलं. मी सांगितलं की लोक पिशवी खाणार नाहीयेत. सर म्हणाले, "अगं, प्रश्न श्रद्धेचा आहे." साबुदाण्याचा स्टार्च आणला, एक लॉट काढला. पिशव्या दिसायला देखण्या, मोत्याची झाक असलेल्या. प्रणालीने 'उपासाला चालते' अशी पाटी केली आणि पुढच्या प्रदर्शनात एकादशीच्या आदल्या दिवशी सगळा लॉट विकला. आम्ही पेढे खाल्ले. ऑर्डर नसली तरी आशा होती.

मग फोन सुरू झाले. बायकांनी बाजारातून भाजी आणली होती, धुऊन ओलीच पिशवीत भरून ठेवली होती, आणि सकाळपर्यंत पिशवी भिजून फुगली होती. एकीने फोटो पाठवला. थाळीत रताळी होती आणि त्यांच्याभोवती टपोरे, चमकदार, चिकट गोळे. खाली लिहिलं होतं, "दाण्याचं कूट घालू का?"

* * *

व्हिनेगरवाले गुप्ते महिन्यातून एकदा यायचे. सभ्य माणूस. येताना अंबरनाथहून फरसाण आणायचे, पण टाकीभोवती अशी चक्कर मारायचे की आम्हाला लग्नाची मुलगी दाखवतोय असं वाटायचं. बोटाने टकटक करून बघायचे, टेपने घेर मोजायचे, पाय कसे आहेत ते वाकून बघायचे. "वेल्डिंग छान आहे. आधी कुठे होती?"

भोईर काकांना ते सहन व्हायचं नाही. टाकी त्यांनी अंगाखांद्यावर वाढवल्यासारखी होती. एकदा गुप्ते अवेळी आले तर काका दारात आडवे झाले.

"साहेब, आता नाय बघाला भेटाची. ती आंगोल करते."

आणि खरंच आत टाकी धुण्याचं काम चालू होतं. गुप्ते बाहेर खुर्चीवर बसून राहिले. त्यांनाही ते रास्त वाटलं असावं, कारण त्यांनी नजर वळवून घेतली.

पण चैत्रात आमचं नशीब फिरलं. हवेचा फिल्टर फाटला, बाहेरचं यीस्ट आत शिरलं, त्याच्या मागोमाग आणखी कोणकोण शिरले आणि सबंध बॅच बिघडली. मी नमुना काढला तर वासानेच कळलं. लॅक्टिक राहिलं बाजूला, टाकीत व्हिनेगर होत होतं. आपणहून, कुणी न सांगता.

मी, सर आणि काका तिघं सुन्न उभे होतो. मला रडू येत होतं. ती बॅच आमची सगळ्यात मोठी होती. नेमके त्याच वेळी गुप्ते फरसाण घेऊन आत आले. दारातच थांबले, नाक वर केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की त्यांना दोष देता येईना.

"बघा दामले," ते हळूच म्हणाले, "तिचाच कल माझ्याकडे आहे."

काकांनी पुढचे दोन दिवस टाकी घासली. घासताना ते एरवी तिच्याशी बोलतात. त्या वेळी बोलले नाहीत.

* * *

आता तो ठाण्याचा कॉम्प्लेक्स, ज्याच्या ऑर्डरवर सगळं अडलं होतं.

तिथल्या कमिटीच्या अध्यक्षा पेंडसे काकू. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून नोकरीतच होता. त्या म्हणाल्या, बोलण्यावर माझा विश्वास नाही, प्रयोग करून दाखवा. म्हणून ठरलं की पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रत्येक घरी आमच्या पिशव्यांचा गठ्ठा द्यायचा. ओला कचरा त्यातच भरायचा आणि पिशवीसकट सोसायटीच्या खताच्या हौदात टाकायचा. दसऱ्याच्या आधी हौद उघडायचा. पिशव्या खतात मिसळून गेलेल्या असल्या तर ऑर्डर आमची. आख्ख्या पिशव्या निघाल्या, तर नमस्कार.

साबुदाणा काढून टाकला होता, फिल्टर नवा होता, हौद मोठा आणि चांगला ऊबदार होता. तरी मला झोप लागत नव्हती. सासूबाईंनी सुद्धा विचारलं, "कुजेल ना गं?" त्यांना कधी नव्हे ते माझ्या नोकरीची काळजी वाटत होती.

ठरल्या दिवशी आम्ही सगळे गेलो. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. प्रणाली मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती. कमिटीची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. भोईर काकांनी माळ्याच्या हातातलं फावडं घेतलं, म्हणाले, "मीच काडतो," आणि हौदात उतरले.

पहिलं फावडं, काळं भुसभुशीत खत. दुसरं, तसंच. पिशवी नाही. काका मध्यापर्यंत गेले, कोपऱ्यात गेले, तळाशी गेले. अंड्याची कवचं होती, आंब्याच्या कोयी होत्या, कुणाचा तरी चमचा निघाला. पिशवीचा एक तुकडाही नाही. काकांनी वर बघितलं. "सर, काय पन नाय."

सरांनी मूठभर खत हातात घेतलं. ते म्हणाले, "पेंडसे बाई, उभ्या हयातीत मी इतकं संपूर्ण विघटन पाहिलेलं नाही."

प्रणाली म्हणाली, "सर, भारी. एकदम भारी." काका फावड्याला टेकून हसत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टाकी राहणार, काका राहणार, मी राहणार. फक्त डोक्याच्या मागे एक किडा वळवळत होता की पिशवी गेली ते ठीक, पण तिच्यावर छापलेल्या आमच्या नावाची हिरवी शाईसुद्धा कुठे दिसत नाही? मी त्या किड्याला म्हटलं, गप्प बस.

पेंडसे काकू आमच्याकडे बघत होत्या, सबंध वर्ग गृहपाठ विसरून आलाय अशा.

"विघटन कसलं?" त्या म्हणाल्या. "पिशव्या घरी आहेत."

"घरी?" सर म्हणाले.

"मग? इतक्या मऊ, सुरेख, आवाज न करणाऱ्या पिशव्या कचऱ्यात कोण घालेल? कचरा आम्ही नेहमीसारखा बादलीतून आणून ओतला. चला, दाखवते."

आम्ही त्यांच्या मागोमाग पहिल्या मजल्यावर गेलो. त्यांनी दिवाणावरची गादी उचलली. खाली आमच्या पिशव्या होत्या. घड्या घालून, काठाला काठ जुळवून, थरावर थर. "बी आणि सी विंगच्या बायकांनीही माझ्याकडेच आणून दिल्यात. म्हटलं, एकत्र राहतील."

सर दिवाणाच्या उरलेल्या कडेवर बसले. चाचणी झालीच नव्हती. एकही पिशवी मातीला लागली नव्हती. मला सरांकडे बघवेना. इस्त्रीच्या सदऱ्यावर खताचे हात उमटले होते.

"आता तुमच्या ऑर्डरचं," काकू म्हणाल्या. "काल कमिटीत एकमत झालं. इतकी चांगली पिशवी आम्ही कुठे पाहिली नाही. दरमहा प्रत्येक घराला गठ्ठा हवाय. कायमचा."

प्रणालीने माझा हात घट्ट धरला.

"फक्त एक अट," काकू म्हणाल्या. त्यांनी गादीखालची एक पिशवी उचलून उजेडात धरली. तिच्या घडीवर बारीक भुगा सुटत होता. "हे बघा, आत्ताच पडायला लागलंय. हे असं चालायचं नाही. माल टिकाऊ हवा. ह्या मी नातवाच्या मुंजीत लाडू द्यायला ठेवल्यात. तोवर नव्या कोऱ्या राहिल्या पाहिजेत. जमणार असेल तर आत्ता सांगा, नाहीतर दुसरा एकजण विचारून गेलाय."

आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. दारात फावडं घेऊन उभे असलेले काकासुद्धा. ज्या माणसाने टिकाऊ प्लास्टिकचं पाप फेडायला पदरचं सगळं घातलं, तो आता काय म्हणणार, हे आमच्यापैकी कुणालाही सांगता आलं नसतं.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"नातू केवढा आहे?"